काटा आधी आला

मुलाच्या वाढीचा कुठलाही सिद्धांत घ्या, त्याला सगळ्यात आधी मुलाचं वय लागतं. एरिक एरिक्सनच्या आठ अवस्था असोत, झां पियाजेचे चार टप्पे असोत, नाहीतर अंगणवाडीतला वजनाचा साधा तक्ता असो, महिने कळले तरच पुढचं काही कळतं. आणि मी नोकरीला लागले तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर नेमके महिनेच सांगता येत नसत.

तारखा नव्हत्या म्हणजे हिशेब नव्हता असं मात्र नाही. "लावणी आटपली त्या आठवड्यात झाला." "नारळी पुनवेला होड्या सोडल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी." "शिमग्याला मी पोटुशी होते, सोंगं बघायला गेले नाही." एवढ्यावर आम्ही वय काढायचो. प्रत्येक नर्सकडे एक वही असे आणि तिच्या मागच्या पानांवर गावाचं खासगी पंचांग असे. कुणाची होडी कुठल्या वर्षी फुटली, शाळेचं छप्पर कधी उडालं, नळ कधी आला, सगळं त्यात. मोठ्या माणसांसाठी मोठ्या खुणा होत्या. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट. जिल्ह्याचं कुलाबा हे नाव जाऊन रायगड आलं ते १९८१ साल. पुढे २४ जुलै १९८९ चा अंबा नदीचा पूर, ज्याने जांभूळपाडा धुऊन नेलं. म्हाताऱ्यांना तर एकच प्रश्न पुरे व्हायचा: रामदास बोट बुडाली तेव्हा तुम्ही केवढे होतात? मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवस-अलिबाग पट्ट्यात त्या दिवसाची आठवण नसलेलं घर विरळा. "पाळण्यात होतो", "पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते", "लग्न ठरलं होतं" या उत्तरांतून वर्षा-दोन वर्षांच्या फरकाने वय निघे.

पुढे शिकवायला लागल्यावर कळलं, की या पद्धतीला सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकात जागा आहे. स्थानिक घटनांची दिनदर्शिका कशी तयार करावी हे तिथे रीतसर सांगितलेलं असतं. आम्हाला ती आमच्या उपकेंद्राच्या गावातल्या सुईणीने शिकवली होती. आता जन्मनोंदणी होते, दाखला मिळतो. तरी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडे गेले तेव्हा एका तरुण आईने मुलाचं वय सांगितलं ते असं: "निसर्गच्या वेळी रांगत होता."

मी चौलची, नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेली. सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे ए.एन.एम., हे शिक्षण घेतलं आणि कुंडलिका खाडीच्या पलीकडे, कोर्लई ते काशीदच्या अंगाला, उपकेंद्रावर लागले. साळावचा पूल व्हायचा होता. रेवदंड्याहून तरीने पलीकडे जायचं आणि पुढे पायी. नंतर वरचं शिक्षण घेऊन प्रशिक्षण केंद्रात मुलींना शिकवलं, तिथूनच निवृत्त झाले. 'वाढ आणि विकास' हा धडा मी आधी पाठ केला, मग वापरला, मग शिकवला. या तिन्ही वेळी तो मला वेगळा दिसला. आमच्या व्यवसायाचा इतिहास लिहिणारे या धड्याकडे फारसे वळत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या व्यवसायाचा सरकारी इतिहास सगळ्यांना पाठ असतो. भोर समितीचा अहवाल १९४६ चा, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. पन्नाशीच्या दशकात ए.एन.एम.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला. त्याचा भर बाळंतपणावर होता. मग १९७३ साली कर्तारसिंग समितीने सांगितलं, की हिवतापाला एक, देवीला एक, कुटुंब नियोजनाला एक अशी वेगवेगळी माणसं नकोत, एकाच बहुउद्देशीय कार्यकर्तीने सगळं बघावं. त्याप्रमाणे १९७७ चा नवा अभ्यासक्रम झाला आणि शिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आलं. काम वाढलं, शिकायचे महिने घटले. अशा वेळी कात्री कशाला लागते हे कुठल्याही शिक्षिकेला विचारा. इंजेक्शन देता आलंच पाहिजे, नाळ कापता आलीच पाहिजे. मूल कुठल्या वयात अनोळखी माणसाला घाबरतं आणि का, हे राहिलं तरी परीक्षेत कुणी नापास होत नसे.

आणि ते सिद्धांत तरी कुठून आले होते? आर्नल्ड गेसेलने अमेरिकेत येल विद्यापीठात बाळांची निरीक्षणं करून कुठल्या महिन्यात काय यावं याच्या याद्या केल्या. पियाजेने स्वतःच्या तीन मुलांना पाळण्यापासून न्याहाळलं. एरिक्सनचं बालपण आणि समाज यांवरचं पुस्तक १९५० साली आलं. लगेच १९५१ मध्ये जॉन बोल्बीने जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईच्या मायेवर आणि मुलाच्या मनावर अहवाल लिहिला. परिचर्येची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी हे सगळं उचललं आणि ती पुस्तकं आपल्या पदवी महाविद्यालयांत आली. १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोरला पदवी सुरू झाली होती, मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघालं. तिथल्या मुली एरिक्सन वाचत. आमच्यापर्यंत, म्हणजे खेड्यात जाणाऱ्या नर्सपर्यंत, त्याची एक चौकट पोचायची: डाव्या बाजूला वय, उजव्या बाजूला अवस्थेचं नाव. आम्ही ती पाढ्यांसारखी म्हणायचो.

किनाऱ्यावर खरोखर पोचला तो काटा.

डेव्हिड मॉर्ली नावाचा इंग्रज बालरोगतज्ज्ञ नायजेरियातल्या इमेसी-इले या गावी काम करत होता. मूल आजारी पडल्यावर बघण्यापेक्षा दर महिन्याला वजन करून ते एका कार्डावर ठिपक्याने मांडावं, ठिपके जोडावेत आणि रेष वर चढते आहे ना एवढंच बघावं, ही त्याची युक्ती. कार्ड आईकडे राहील. निरक्षर आईलासुद्धा रेष खाली वळली की कळेल. साधी कल्पना, पण जगभर गेली. आपल्याकडे सत्तरच्या दशकात ठाणे जिल्ह्यातल्या कासा इथे डॉ. पी. एम. शहांनी आदिवासी भागात माता-बालकांच्या पोषणाचा प्रकल्प चालवला, त्यातही वजनाचं कार्ड होतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या अंगणवाडीत तो साल्टरचा गोल, घड्याळासारखा काटा टांगला गेला. पंचवीस किलोंपर्यंतचा.

तुळईला दोरी, दोरीला काटा, काट्याला झोळी आणि झोळीत किंचाळणारं मूल. आयांना ते मुळीच आवडायचं नाही. मूल जोखलं की त्याला दृष्ट लागते, हे एक. दुसरं असं, की या किनाऱ्यावर तेव्हा मासळीसुद्धा किलोवर विकत नसत, वाट्यावर विकत. मग पोराला काट्यावर चढवणारी ही कोण? एका आजीने मला सरळ विचारलं, "बाय, आता याचा भाव काय लावतेस?" मी काही बोलायच्या आत तिनेच मुलाला काजळाची तीट लावली, पायाखालची माती घेऊन ओवाळून टाकली आणि मग म्हणाली, "हां, आता कर." तेव्हापासून मी वजनाआधी तीट लावून घ्यायची. काट्यात त्याने काही फरक पडत नाही.

तक्त्यावर वाकड्या चढत्या रेषा छापलेल्या असत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ साली ठरवलेली वर्गवारी अशी होती: अपेक्षित वजनाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर ठीक, त्याखाली दर दहा टक्क्यांना एकेक श्रेणी, आणि पन्नास टक्क्यांच्या खाली चौथी. हे अपेक्षित वजन कुणाचं? हार्वर्डच्या प्रमाणातलं, म्हणजे बॉस्टन शहरातल्या मुलांचं. रोह्या-पेणच्या डोंगरातल्या कातकरी वाडीवरचं मूल आम्ही बॉस्टनच्या मुलाशेजारी उभं करत होतो, आणि मुलगा-मुलगी दोघांना एकच तक्ता. त्या तक्त्याने काहीच साधलं नाही असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचं मूल नजरेला पडायचं, त्याला दवाखान्यात नेता यायचं, गटविकास अधिकाऱ्यासमोर कागद ठेवता यायचा. डोळ्यांना सवय झालेली उपासमार कागदावर आली की तिला नाकारणं अवघड जातं.

पण कातकऱ्यांच्या कार्डांचं दुखणं वेगळंच होतं. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जायची, ती पाऊस तोंडावर आला की परतायची. म्हणजे जुलै ते ऑक्टोबर चार ठिपके, मग सात-आठ महिने कोरा कागद, मग पुन्हा एक ठिपका, पहिल्याच्या खाली. मधल्या काळात मूल कुठे होतं, काय खात होतं, कुणाशी बोलत होतं, त्याला कोण खेळवत होतं, ते कार्डाला माहीत नाही. पाहणीला वरून माणसं यायची तेव्हा आलेख अखंड दिसावा अशी अपेक्षा असायची. मग कुणीतरी पट्टी लावून ते दोन ठिपके जोडून टाकायचं.

यातली खरी गंमत अंगणवाडी या नावात आहे. ती कल्पना आपल्याच कोकणपट्टीत, वर बोर्डी-कोसबाडला रुजली होती. नूतन बालशिक्षण संघ १९२६ सालचा. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या आणि पुढे दोघींचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, गुरांमागे गेलं असेल तर कुरणात न्यायची. माँटेसोरीची महागडी साधनं परवडत नाहीत तर शंख, शिंपले, बिया, पानं घ्यायची. मुलाचं मन कसं घडतं हा त्यांचा पहिला प्रश्न होता, वजन नंतर. सरकारी योजनेने त्यांच्याकडून अंगणवाडी घेतली, शालेयपूर्व शिक्षण सहा सेवांत घातलंही, पण महिन्याच्या अहवालात काय विचारलं जायचं? किती वजनं घेतली, कुठल्या श्रेणीत किती. जे विचारलं जातं ते होतं. शंख-शिंपले फडताळात गेले आणि दारात काटा राहिला. बालशिक्षणवाल्या बायकांना जे १९४५ ला उमजलं होतं, ते आमच्या परिचर्येला उमजायला आणखी साठ-पासष्ट वर्षं लागली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मन अजिबात शिकवलंच नाही असंही नाही. उलट कधीकधी नको ते शिकवलं. विद्यार्थिनी असताना मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बालविभागात आम्हाला पाठवलं होतं. भेटीची वेळ संध्याकाळी ठरलेली, बाकी वेळ नातेवाईक बाहेर. घंटा झाली की कोकणातून आलेल्या आजीला खाटेखालून उठवून बाहेर काढायचं काम आमचं. ही शिस्त इंग्रजांची. आणि त्याच सुमारास खुद्द इंग्लंडमध्ये ती मोडीत निघालेली होती! बोल्बीचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याने १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातल्या आठ दिवसांचा चित्रपट केला. आई निघून गेल्यावर मूल आधी रडतं, मग गप्प होतं, आणि ते गप्प होणं म्हणजे रुळणं नव्हे, हे त्याने दाखवलं. १९५९ च्या प्लॅट समितीने मग सांगितलं, की आईवडिलांना मुलांजवळ हवं तेव्हा येऊ द्या. तिकडे परिचारिकांना आईला आत घ्यायला शिकवावं लागलं. इकडे आई, आजी, आत्या आपणहून आत होत्या आणि आम्ही त्यांना बाहेर काढायला शिकत होतो.

बोल्बीबद्दल माझी दुसरीही तक्रार आहे. त्याच्या अहवालातलं मूल घरी असलेल्या आईचं. कोळीवाड्यात आई पहाटे बंदरावर असते, होडी लागली की लिलाव, मग डोक्यावर पाटी घेऊन अलिबाग नाहीतर रेवदंड्याचा बाजार. नवरा समुद्रात. मूल आजीकडे, ती नसेल तर थोरल्या बहिणीकडे, तीही शाळेत गेली तर शेजारच्या काकूकडे. पुस्तक घट्ट धरून बघितलं तर अख्खा कोळीवाडा मायेला पारखा ठरायचा. प्रत्यक्षात ती मुलं चार-पाच माणसांना ओळखून त्यांच्याकडे झेपावणारी, धीट. विश्वास ही एरिक्सनची पहिली अवस्था मला तिथे कितीदा तरी दिसली, फक्त ती एका मांडीवर नव्हती. सुधीर कक्कर एरिक्सनकडे शिकलेले. त्यांनी १९७८ मध्ये भारतीय बालपणावर पुस्तक लिहिलं आणि घरातल्या अनेक माणसांत वाढणाऱ्या मुलाचा विचार केला. ते मला हाती लागलं निवृत्तीच्या जवळपास. आधी लागलं असतं तर शिकवणं सोपं झालं असतं.

पियाजेचा मात्र मी मनसोक्त उपयोग केला. त्याचा प्रसिद्ध प्रयोग असा: दोन सारख्या पेल्यांतलं पाणी, एकातलं उंच निमुळत्या भांड्यात ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त कशात? सातेक वर्षांखालची मुलं सहसा उंच भांड्याकडे बोट दाखवतात. माझ्या विद्यार्थिनींना मी सांगितलं, पेले नकोत, बाजारात चला. एकीने तिथेच मांदेलीचे दोन सारखे वाटे मांडून घेतले आणि त्यातला एक पसरून ठेवला. आईशेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या पोरीला विचारलं, कुठला मोठा? पोरगी म्हणाली, "दोन्ही सारखंच. पसरून लावला का मोठा दिसतो, गिऱ्हाईक फसतो." आईने तिच्या पाठीत धपाटा घातला, गिऱ्हाइकं उभी होती. मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांचा असाच अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झालेला आहे. मातीचा गोळा लांबवला तरी माती तेवढीच राहते हे त्या मुलांना इतरांपेक्षा लवकर कळत होतं. विद्यार्थिनींना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. बाजारात त्यांनी ते आधीच बघितलं होतं.

भाषेच्या टप्प्यांना कोर्लईने अडवलं. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल-कोर्लई सोडून गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून उपजलेली एक बोली आजही घरात चालते. तिथले लोक तिला आपली भाषा एवढंच म्हणतात. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलतं का, हा आमच्या यादीतला प्रश्न. मी मराठीत विचारायची, मूल माझ्या तोंडाकडे बघायचं. नोंद काय करणार? आईला बसवलं, ती त्याच्याशी दोन वाक्यं बोलली आणि पोरगं जे सुटलं ते थांबेना. मला एक अक्षर कळलं नाही. बोलतो, असं मी लिहिलं.

घराघरातल्या आज्यांची स्वतःची यादी होतीच, हे इथे सांगायलाच हवं. मान धरली का? कुशीवर वळतो का? पालथा पडला का? टाळू भरली का? गेसेल म्हणतो तसा डोक्याकडून पायाकडे जाणारा क्रम या प्रश्नांत जसाच्या तसा आहे. महिनेसुद्धा फारसे चुकत नाहीत. टाळू खोल गेली की मूल सुकलं हे त्यांना आमच्याआधी कळे. त्यांच्या यादीतली उणीव एवढीच, की मूल मागे राहिलं तर पुढे काय करायचं ते तिच्यात नव्हतं. सटवीने सहाव्या रात्री कपाळावर लिहिलं ते लिहिलं. एका घरी चार वर्षांचा मुलगा बोलत नव्हता. आजी म्हणाली, "बोलत नाय, पन समजतंय त्याला सगला." तिचं खरं होतं, त्याला समजत होतं. ऐकू येत नव्हतं. ओठांवरून समजत होतं. त्याच्या कार्डावर वजनाचे ठिपके अगदी छान वर चढलेले होते.

माझं म्हणणं या एका कार्डात आहे. आम्हाला मूल सोपवलं ते किलोग्रॅममध्ये. ऐकतं का, बघतं का, खेळतं का, बोलतं का, हे वहीत शिकवलं आणि कार्डावर विचारलं नाही.

मांडव्याला याहून वेगळं काही करून बघितलं गेलं होतं. डॉ. नोशीर अंटिया जे. जे. रुग्णालयातले नामवंत प्लास्टिक सर्जन, कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करणारे. सत्तरच्या दशकात खाडी ओलांडून ते अलिबाग तालुक्यात आले आणि मांडवा परिसरात सुमारे तीस हजार लोकवस्तीत गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. १९७५ साली त्यांनी 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' ही संस्था काढली. क्षय आणि कुष्ठरोगासारखे आजार ओळखणं, औषध चालू ठेवणं, लस, हे सगळं त्या बायका करू शकतात हे तिथे दिसलं. आम्ही सरकारी नर्सेस त्यांच्याकडे जरा नाक मुरडून बघत असू, हे कबूल केलंच पाहिजे. पण त्यांना प्रत्येक घरातलं प्रत्येक मूल माहीत होतं, आमच्या उपकेंद्राला पाच हजार वस्ती. गावच्या राजकारणाशी आणि आरोग्य यंत्रणेतल्या हितसंबंधांशी त्या कामाचे खटके उडाले आणि ते तिथे टिकलं नाही, हे अंटियांनीच पुढे लिहून ठेवलं. आज आशा म्हणून जी बाई दारात येते, तिची वाट मांडव्यावरून गेलेली आहे.

मांडव्याच्या जवळच झिराड आहे. बेने इस्रायल समाज याच किनाऱ्यावर वसला आणि गावांवरून आडनावं लावून मुंबईला गेला. त्यांच्या मुली शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर होण्यात फार पुढे होत्या. डॉ. जेरुशा झिराड हे त्यातलं मोठं नाव. १९२८ पासून १९४७ पर्यंत त्या मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, आणि शहरातल्या बाळंतिणी कशाने मरतात याचा त्यांनी मुळापासून शोध घेतला. त्यांचा जन्म शिवमोग्याचा, पण आडनाव आमच्या तालुक्याचं. मुली वर्गात पेंगायला लागल्या की मी ही गोष्ट सांगत असे.

कार्डांत बदल झाला तो माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत, एकदम. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवी प्रमाणं आणली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका, अशा सहा देशांतल्या आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून ती काढलेली होती. भारतातली मुलं दिल्लीतली. आपल्याकडे २००८ पासून ती अंगणवाडीत आली, मुलग्यांचा तक्ता वेगळा, मुलींचा वेगळा. त्याच अभ्यासात हालचालींचे टप्पेही मोजले होते. कुणाचाही आधार न घेता चालायला मूल आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही लागू शकतं, आणि शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगतच नाहीत, असं त्यात निघालं. शेजारणीचं पोर दहाव्या महिन्यात चाललं म्हणून आपल्या पोराला पांगुळगाड्यात कोंबणाऱ्या आयांना मी हे आकडे तोंडपाठ सांगायची.

मग २०१० मध्ये माता-बाल संरक्षण कार्ड आलं आणि त्यात वजनाच्या आलेखाबरोबर विकासाचे टप्पे चित्रांत छापलेले होते. ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी, आणि त्यात विकासातला उशीर हा स्वतंत्र विषय. मी निवृत्त व्हायच्या बेतात असताना सरकारी कागदावर पहिल्यांदा मुलाचं मन दिसलं.

मोठ्या वयांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण आमच्या कामात ती फार उशिरा आली. एरिक्सनचा किशोर स्वतःला शोधतो. आमच्या आज्यांच्या पिढीत मुलीला ती अवस्थाच नव्हती. शारदा कायद्याने १९२९ साली मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, ते अठरावर यायला १९७८ उजाडलं. कोळ्याचा पोरगा मिसरूड फुटायच्या आधी खलाशी म्हणून होडीवर चढायचा आणि पहिल्या मोसमानंतर घरात त्याचं मत विचारलं जायचं. ही त्याची ओळख, चांगली का वाईट ते सोडा. शेवटची अवस्था तर आता गावोगाव भरून आहे: मुलं मुंबई-पनवेलला, वाडीत दोन म्हातारी माणसं, नारळ पाडायला माणूस मिळत नाही. त्यांचा रक्तदाब आम्ही मोजतो. त्यांच्याजवळ बसायला कुठल्याच नोंदवहीत रकाना नाही. वजनाच्या बाबतीत मुलांचं जे झालं, तेच रक्तदाबाच्या बाबतीत म्हाताऱ्यांचं चाललं आहे, आणि ते सुधारायलाही तेवढीच वर्षं लागतील असं दिसतं.

तुमच्या घरी पाच वर्षांखालचं मूल असेल तर आज त्याचं कार्ड काढा. वजनाचं पान आणि लसींचं पान भरलेलं असेल, त्याची मला खात्री आहे. विकासाच्या चित्रांचं पान उघडा. तिथे कुणी काही विचारून बघितलेलं दिसत नसेल तर पुढच्या लसीच्या दिवशी ते सिस्टरसमोर ठेवा आणि एकेक चित्र विचारा. तिच्यासमोर रांग असेल, ती वैतागेल, तरी विचारा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी पथक यायचं असतं. ते कधी येणार हेही तिथेच विचारून ठेवा.